नाकाची उंची

पहिली काडी विझली तेव्हा मी असिफिवेवर ओरडले. ‘फुंकू नकोस म्हटलं ना!’ ती माझ्या पाठीशी उभी होती, हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवून. काहीही पेटलेलं दिसलं की फुंकर मारायची, ही खोड माझ्या लेकीला गेल्या महिन्यापासून लागली होती. ‘मी नाही फुंकलं,’ ती म्हणाली. खोटं बोलते म्हणून मी तिला मागे ढकललं, शेगडीवर नीट वाकले आणि दुसरी काडी ओढली. ती कोळशापर्यंत पोचायच्या आतच गेली. वारा नव्हता. तळ्यावरून सकाळी जो वारा सुटतो तो त्या दिवशी सुटलाच नव्हता आणि आभाळ डोंगराच्या तोंडापर्यंत खाली आलं होतं. मग मी उभी राहिले. का, ते सांगता येत नाही. गुडघेच आपोआप उभे राहिले. तिसरी काडी छातीशी धरून पेटवली. चांगली पेटली. ती तशीच हळूहळू खाली नेत गेले. मांडीपाशी ज्योत बारीक झाली, गुडघ्यापाशी काडीवरून सुटून वर उचलल्यासारखी झाली, आणि नव्हतीच. तिचा धूर मात्र राहिला. तो वर जाईना, खालीही उतरेना. गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुधावर साय धरावी तसा, आडवा पसरून राहिला. मी असिफिवेला काखोटीला मारलं आणि खड्ड्याच्या तिन्ही पायऱ्या चढून अंगणात आले. ‘मी नाही फुंकलं,’ ती वर आल्यावर परत म्हणाली. तिच्या गालावर माझ्या बोटांचा काळा डाग उठला होता.

घराच्या दाराच्या चौकटीवर खुणा आहेत. सगळ्या घरांत असतात. मूल उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी ठेवायची, कोळशाने रेघ मारायची. माझ्या रेघा डोक्याच्या नाहीत, नाकाच्या आहेत. माझ्या नवऱ्याला, मुहिंदोला, हे लग्नानंतर, म्हणजे मुलगी उभी राहायला लागल्यावर कळलं. तो हसला होता. ‘डोकं कुठपर्यंत आलं ते बघतात गं लोक, तू काय तिला वास घ्यायला शिकवतेस?’ मीही हसले. पण ज्वालामुखीच्या पायथ्याशी, गोम्यात वाढलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये. इथे जमिनीखालून काय येतं ते पोरासोरांना ठाऊक असतं. मझुकू. वाईट वारा. ज्याला वारा म्हणतात तो वारा नसतानाच येतो, हे मला लहानपणी फार अन्यायाचं वाटायचं. खळग्यात, चरात, जुन्या लाव्ह्याच्या भेगेत तो पाण्यासारखा साठून असतो. त्याला रंग नाही. उभा माणूस त्यातून चालत जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. बसलेला मरतो. म्हणजे सगळा प्रश्न नाक जमिनीपासून किती उंच आहे एवढाच. असिफिवेचं नाक मागच्या रविवारी माझ्या तीन वितींच्या वर चार बोटं गेलं होतं, आणि मी मनात म्हटलं होतं, चल, चार बोटं वर आलीस.

या घराची गोष्ट अशी की ते त्याच जागेतून निघालं. मुहिंदो गवंडी. दगड बाहेरून चुकुडूवर, लाकडी ढकलगाडीवर, लादून आणायचा तर रोज एक फेरी. त्यापेक्षा आपल्याच अंगणात काळा दगड मुबलक पडलाय, डोंगराने फुकट आणून दिलेला, तोच फोडावा असं त्याने ठरवलं. मागच्या कोपऱ्यात त्याने घण घातला. भिंत वीतभर चढली की कोपरा वीतभर खाली जायचा. मी पोटुशी होते, उंबऱ्यात बसून बघायचे. घर जेवढं वर आलं तेवढाच खड्डा खाली गेला. भिंतीतला एकेक दगड मला त्या खड्ड्यातल्या जागेसकट ओळखू यायचा. शेवटच्या थराला त्याचं डोकं तीन दिवस दुखत होतं. ऊन लागलं, तो म्हणाला. मी ओला फडका त्याच्या कपाळावर ठेवला आणि ऊन लागलं असं मीही म्हटलं. पावसाळा नव्हता, पण त्या आठवड्यात ऊनही नव्हतं. हे तेव्हा मला दिसत होतं की आता दिसतंय, हे मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरतं. तीन वर्षं तो खड्डा पडून होता. गवत दाट माजलं, कारण बकऱ्या तिकडे जात नाहीत. मुहिंदो म्हणायचा, बघ काय कसदार जागा आहे. आणि गेल्या आठवड्यात त्याच्या मनाने घेतलं की तिथे स्वैपाकघर करायचं. खाली उतरायला तीन पायऱ्या त्याने आधीच घडवल्या होत्या. ‘वारा लागणार नाही. कोळसा सावकाश जळेल. तुझं धुणं काळं व्हायचं थांबेल.’ शनिवारी वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी फळ्या. शेगडी त्याने काल संध्याकाळीच खाली नेऊन ठेवली होती, मला कौतुकाने दाखवायला. शनिवारनंतर रोज सकाळी मी तिथे बसणार होते. आणि माझ्याजवळ ती बसणार होती.

मुहिंदो पडवीत दगडावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधत होता. दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं तरी कुंपण बांधायचं काम चालू होतं.

‘खाली काडी विझतेय,’ मी म्हटलं.

‘ओली असेल.’

‘तीन काड्या?’

‘मग डबी ओली असेल. तळ्याची हवा आहे.’

‘छातीशी पेटते. गुडघ्याशी विझते.’

त्याने नाडीची गाठ मारली, सोडली, परत मारली. मग माझ्या हातातून डबी घेऊन तो पायऱ्या उतरला, खड्ड्याच्या मधोमध ताठ उभा राहिला आणि काडी ओढली. तो उंच आहे. ज्योत त्याच्या गळ्याशी स्थिर जळत होती, त्याच्या दाढीचे खुंट दिसत होते. ‘ही बघ. कॉलेजात एवढं शिकवलं तुम्हाला, काडी पेटवायला तेवढं राहिलं वाटतं.’

‘वाक,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘वाकून पेटव.’

‘उभ्याने पेटते ती वाकून कशाला पेटवू?’

‘शेगडी जमिनीवर असते मुहिंदो. मी उभ्याने सोंबेचा पाला शिजवत नाही.’

कुंपणापलीकडून म्वामिनी आजींचं डोकं वर आलं. त्या आमच्या शेजारी. डोक्याला पिवळं फडकं, तोंडात दात चार आणि बोलणं बत्तीस दातांचं. ‘काय गं असिफिवेच्या आई, सकाळी सकाळी नवऱ्याला कवायत शिकवतेस? वाक म्हणे! लग्नात वाकला तेवढा पुरे.’

‘बघा आजी,’ तो म्हणाला, हसून वर आला आणि डबी माझ्या हातात परत दिली. पण काडी त्याने बोटांना चटका बसेपर्यंत धरली होती, आणि खाली टाकली तेव्हा तिच्याकडे बघितलं नव्हतं. जो माणूस खड्ड्यात उभा राहतो पण वाकत नाही, त्याला माहीत असतं. हे मला तेव्हा कळलं. काडीने कळलं नव्हतं इतकं कळलं. तो गेला. जाताना असिफिवेच्या डोक्यावर त्याने हात ठेवला. त्याच्या पंज्याखाली ती आणखीच बुटकी दिसली.

‘आजी, खाली ते आहे,’ मी म्हटलं.

‘नाव घेऊ नकोस,’ आजींचा आवाज एकदम उतरला. ‘नाव घेतलं की ते घर विचारत येतं.’

‘ते आलेलंच आहे.’

‘मग मुलगी पाठीवर बांध की. आमच्या वस्तीत पोरं उशिरा चालतात म्हणून बाहेरचे लोक हसायचे. हसू देत. आया उतरवत नव्हत्या, म्हणून उशिरा चालायची. पाच वर्षांचा बाप्या मी पाठीवर घेऊन पाणी भरलंय. लोक म्हणायचे, म्वामिनी, याचं लग्न पण पाठीवरच लावणार का?’ त्या हसल्या आणि खोकल्या. ‘माझा मणका गेला. पोरगा आहे.’

मी बी.एड.च्या आधी जीवशास्त्र घेतलं होतं. असिफिवे व्हायच्या आधी दोन वर्षं शाळेत शिकवलं. पाचवीच्या वर्गात मी मुलांना गोल उभं करायचे. अर्धी मुलं झाडं, हात वर केलेली, अर्धी माणसं. कागदाचा बोळा हातातून हातात. आपण सोडतो ते झाड घेतं, झाड सोडतं ते आपण घेतो. तुझा श्वास त्या आंब्याने खाल्ला, आंबा तू खाल्लास, परत तोच श्वास. मुलं किंचाळायची, ई, म्हणजे आम्ही मास्तरांचा श्वास खातो! वर्तुळ छान पुरं व्हायचं. फळ्यावर मी हिरव्या आणि तांबड्या खडूने बाण काढायचे, आणि मग तास संपायच्या आधी, फार घाई असल्यासारखी, खालून एक तिसरा बाण काढायचे, डोंगराच्या पोटातून वर येणारा. त्याबद्दल बोलायचे नाही. तळ्याच्या तळाशीही तोच दाबून बसलाय, तेही बोलायचे नाही. एकदा एका मुलीने विचारलं, टीचर, हा कुणाचा श्वास? मी म्हटलं, डोंगराचा. मग त्याला कोण घेतं? झाडंच घेतात, समुद्र घेतो, मी म्हटलं, पण सावकाश, खूप सावकाश. ती म्हणाली, तोवर तो कुठे थांबतो? घंटा झाली.

तोवर तो खळग्यात थांबतो. मी अकरा वर्षांची होते आणि माझा भाऊ शुकुरू चार. आईने गवत आणायला पाठवलं होतं, सशांना. रस्त्याच्या खाली एक खोलगट जागा होती, तिथे हिरवंगार होतं. मी त्याला वर उभं करून दुसरीकडे कापत होते. वळून बघितलं तर तो खाली उतरला होता, एका पाखरासाठी. पाखरू पडलेलं होतं. तो बसला, त्याला उचलायला. मग तोही पाखरासारखा आडवा झाला, अगदी सावकाश, झोप आल्यासारखा. माझ्यापासून सहा पावलांवर. शाळेत मास्तरांनी आमच्याकडून रोज घोकून घेतलं होतं: पडलेल्याला उचलायला वाकू नका, वाकणारा दुसरा. पडलेल्याला उचलायला वाकू नका, वाकणारा दुसरा. ते मला चालीवर येत होतं. मी ताठ उभी राहून ओरडले. आई शेतातून धावत आली, रस्त्यावरून थेट खाली झेपावली, आणि मी तिच्या किटेंग्याला, कमरेला गुंडाळलेल्या फडक्याला, दोन्ही हातांनी लटकले. ते सुटून माझ्या हातात आलं, तरी मी तिचा हात धरला, दाताने धरला. दोर आणि दोन पुरुष येईपर्यंत धरून ठेवला. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. मास्तरांनी वर्गात उभं करून माझं उदाहरण दिलं. आई त्या विषयावर आयुष्यात एकदाच बोलली. माझं लग्न ठरलं त्या दिवशी, माझ्या केसांना तेल लावताना. ‘न्सिमिरे,’ ती म्हणाली, ‘तू मला धरलंस.’ एवढंच. ती मागे बसली होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. त्या तीन शब्दांचा अर्थ मी अजून लावते आहे. कधी वाटतं आभार आहेत. तिच्या मनगटावर माझ्या दातांची खूण आहे, आणि अजूनही ती झाडायला वाकते तेव्हा क्षणभर थांबते, कुणी धरतं का बघितल्यासारखी.

शेगडी खालीच राहिली होती. मी तिच्याकडे बघत पडवीत बसले होते. काढायला जायचं तर खाली वाकावं लागणार होतं. असिफिवेला दूध दिलं, उकडलेलं केळं कुस्करून दिलं, तिच्या नाकाखाली उगाच बोट धरून बघितलं. हे मी करते. ती खेळत असली तरी करते. कोमट हवा बोटाला लागते आणि मला आठवतं की ही तीच आहे. खड्ड्यातली आणि हिच्या नाकातली एकच. माझ्या मुलीच्या नाकातून रोज थोडं थोडं तेच येतं ज्याने शुकुरू झोपला. असे विचार करू नयेत. मी भांडी घासायला घेतली. दोन भांडी झाली असतील. आजींनी असिफिवेला एक गिनीपिग दिला होता, तांबूस, त्याचं नाव तिने सुकारी ठेवलं होतं, म्हणजे साखर. इथे घरोघरी पाळतात, चुलीपाशी ठेवतात. तो नेहमी पायात यायचा, पाल्याचे देठ मागायला. तो आला नाही. मी मान वर केली तेव्हा पडवीत तीही नव्हती.

खड्ड्यातल्या गवतावर फक्त तिचे केस दिसत होते. चार वेण्या, मी काल घातलेल्या. म्हणजे ती बसली होती.

‘असी! उभी राहा! उभी राहा आधी!’

‘सुकारी उठत नाही,’ तिचा आवाज आला. जड, पेंगुळलेला. वेण्या एका बाजूला कलल्या.

पडलेल्याला उचलायला वाकू नका. त्या चालीवरच माझे पाय पायऱ्यांपर्यंत गेले आणि ओळ संपल्यावर थांबतात तसे थांबले. हे खरं आहे, मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. मला माझीच मूठ दिसत होती, आईचं मनगट धरलेली, आणि या वेळी मला धरायला कुणी नव्हतं. मी छाती भरून घेतली, वरची हवा, जेवढी मावेल तेवढी. तोंड मिटलं. एक पायरी. दोन. पोटऱ्यांना कोमट लागलं, कुणी ऊन पाण्यात उभं करावं तसं. तिसरी पायरी. डोळे झोंबायला लागले. मग मी वाकले. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर गेला आणि मला आजवर कुणी न सांगितलेली गोष्ट समजली, की वाकलं की आई मुलाएवढीच उंच असते. चौकटीवरच्या सगळ्या रेघा आम्हा दोघींच्या होत्या. तिचे डोळे अर्धे उघडे होते. हात तिच्या काखांत घातले. ती कणकेच्या गोळ्यासारखी लिबलिबीत आणि जड. छातीत आग होत होती, नाक म्हणत होतं घे, घे. मी सरळ झाले, तिला डोक्याच्याही वर धरलं, आणि पायऱ्या न बघता चढले. शेवटच्या पायरीला गुडघा फुटला तो नंतर दिसला.

अंगणात मी तिला छातीशी घेऊन उभी राहिले. बसले नाही. बसायची हिंमत नव्हती. ती काही करत नव्हती. मग तिच्या घशातून दार करकरावं तसा आवाज आला, अंग ताठ झालं आणि तिने श्वास ओढला, इतका मोठा की वाटलं माझ्या वाटचंही सगळं ओढून घेईल. घे, म्हटलं. आणि तो तिने माझ्या तोंडावर सोडला. कोमट, केळ्याच्या वासाचा. मी माझा चेहरा हलवला नाही. तोंड उघडं ठेवून तो आत घेतला. ती रडायला लागली, एकेक रडणं माझ्या तोंडावर येत होतं आणि मी एकेक घेत होते. फळ्यावर दोन वर्षं काढलेलं ते वर्तुळ कधी एवढं लहान नव्हतं.

म्वामिनी आजी कुंपणावरून ओरडत होत्या. मुहिंदोला कुणीतरी बोलवा म्हणत होत्या, नाव घेत होत्या, ज्याचं घेऊ नये त्याचं, मोठ्याने, गल्लीभर. मी असिफिवेला किटेंग्याने पाठीवर घट्ट बांधलं. मग मागच्या भिंतीकडे गेले. अंगणाची भिंत, कमरेइतकी, कोरडी रचलेली. तिच्यात चुना नाही. वरचा दगड सैल होता. मी तो उचलला आणि खड्ड्यात टाकला. मग दुसरा. तो कुठून आला होता ते मला माहीत होतं; डावीकडून, अंबाडीच्या झुडपाखालून. तिसरा शेगडीवर पडला आणि शेगडी फुटली. खांदा भरून आला, पाठीवर ती हुंदके देत होती, प्रत्येक दगडाला तिचं डोकं माझ्या मानेवर आपटत होतं. दगड टाकून वायू यायचा थांबत नाही, हे मी पाचवीच्या मुलांनाही सांगितलं असतं. भेगा बुजत नाहीत. पण खळगा बुजतो. जिथे तो साठायला थांबतो, ती जागा बुजते. मग तो पसरेल, वाऱ्यावर जाईल, कुणाच्या तरी आंब्यात जाईल, खूप सावकाश. की दुसऱ्या कुणाच्या तरी कोपऱ्यात? हाही विचार आला. हात थांबले नाहीत.

मुहिंदो धावत आला तेव्हा भिंतीचा हातभर तुकडा गेला होता. त्याच्या हातांवर ओलं सिमेंट होतं. ‘घर पाडतेस?’ तो म्हणाला. मग माझ्या गुडघ्याचं रक्त दिसलं, मग पाठीवरची मुलगी. तिच्याकडे तो कितीतरी वेळ बघत होता. ‘काय झालं?’

मी कमरेची काडेपेटी काढून त्याच्यापुढे धरली. ‘वाक,’ म्हटलं.

‘अगं, झालं काय ते सांग.’

‘वाक ना.’

त्याने काडेपेटी घेतली. बोटांवरच्या सिमेंटने पहिली काडी भिजली. दुसरी त्याने पँटला हात पुसून ओढली. पायऱ्या उतरला. मी टाकलेल्या दगडांमध्ये पाय रोवून उभा राहिला, आणि वाकायच्या आधी त्याने छाती भरून घेतली. गाल फुगवले, तोंड गच्च मिटलं. पाण्यात बुडी मारणारी माणसं भरून घेतात तशी. तीन वर्षांत त्याने जे एकदाही सांगितलं नव्हतं ते त्या फुगलेल्या गालांनी सांगितलं. तो वाकला. उंच माणूस, हळूहळू घडी घातल्यासारखा वाकला, मांडी, गुडघा, सुकारी पडला होता त्या गवतापर्यंत. ज्योत बारीक झाली. काडीवरून उचलली गेली. गेली.

तो वर बघत होता, गाल तसेच फुगलेले, डोळ्यांत पाणी. माझ्या खांद्यावरून असिफिवेने मान काढली. तिने त्याचा चेहरा बघितला, हातातली काळी काडी बघितली, आणि घाईघाईने, रडून बसलेल्या आवाजात म्हणाली,

‘मी नाही हं, बाबा. मी नाही फुंकली.’